शेफ आणि जुने कुक बोलत नाहीत, निरोप मात्र माझ्याकडून

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंट करून मी चार महिन्यांपासून खेड्यातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतोय. आम्ही सहा जण आहोत. शेफ आणि जुने कुक एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे निरोप माझ्यामार्फत जातात. भांडी घासणाऱ्या मावशी मालकांच्या नात्यातल्या, त्यांच्यापुढे शेफही गप्प. फ्रीजमधल्या डब्यांवरच्या तारखा कोणीतरी बदलतं. ताट परत आलं की बोलणी मी खातो. माझंच काही चुकतंय का? नोकरी सोडू का?

उत्तर : तू सगळं एका दमात लिहिलंस, पण यातल्या बाकीच्या गोष्टी नुसत्या विचित्र आहेत. धोक्याची एकच, ती तारखांची. तिच्याकडे येतोच.

कॉलेजात तुला फ्रेंच शेफ एस्कॉफिए यांची ‘ब्रिगेड’, म्हणजे किचनमधल्या कामाची वाटणी, शिकवली असेल. प्रत्येकाचं स्टेशन, म्हणजे कामाची जागा, ठरलेलं, हुकूम वरून खाली. १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉयसारख्या मोठ्या हॉटेलात ती पद्धत शोभली. सहा जणांच्या किचनमध्ये एकेक माणूस दोन-तीन स्टेशनं सांभाळतो, तिथे हुद्द्याला कोण विचारतो? कोठीची किल्ली कुणाकडे आहे, मालक कुणाचं ऐकतात, ऐन गर्दीत कुणावाचून अडतं, यावर तिथला अधिकार ठरतो. मावशी रुसल्या तर तासाभरात स्वच्छ ताटं संपतील, हे शेफना पक्कं माहीत आहे.

अबोल्याचंही तसंच. शहरात त्या दोघांपैकी एकाने केव्हाच दुसरं किचन गाठलं असतं. खेड्यात यांना दुसरी जागा नाही आणि मालकांना दुसरा माणूस सहज मिळत नाही. म्हणून भांडण मिटत नाही, फुटतही नाही, नुसतं मुरतं. ते मिटवायला तू जाऊ नकोस. तू तिथे सगळ्यात नवा आहेस.

आता बोलणी तुलाच का, ते बघ. एकमेकांना दोष द्यायचा तर त्या दोघांना आधी बोलावं लागेल. तुला दोष देणं दोघांनाही सोयीचं आहे. तेव्हा निरोप्याचं काम हळूहळू कमी कर, पण तशी घोषणा करू नकोस. ताटं जिथून बाहेर जातात तिथे एक पाटी लाव आणि ‘गडबडीत विसरायला होतं, इथे लिहाल का?’ एवढंच म्हण. निरोप द्यावाच लागला तर आहे त्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने दे. ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची रीत किचनमध्ये असतेच, त्यामुळे कुणाला खटकणार नाही. ऑर्डरच्या चिठ्ठ्या दिवस संपेपर्यंत फेकू नकोस.

तारखांबाबत मात्र इतकं सबुरीने घेऊ नकोस. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, हे तू शिकलायस. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो, आणि अन्नाचा वास-रंग बिघडलेला नसला तरी ते बाधू शकतं. डबा कधी भरला हे पुढच्या शिफ्टला फक्त त्या तारखेवरून कळतं. शिफ्ट संपल्यावर शेफना एकट्यात गाठ. आरोप नको, साधा प्रश्न विचार : ‘या डब्यावर काल वेगळी तारीख होती, कोणती धरू?’ कदाचित चिकटपट्टी निघाली म्हणून कोणी अंदाजाने नवी लावली असेल. पण ‘तुला काय करायचंय’ असं उत्तर आलं तर मालकांना सांग, आणि तोवर तसला डबा तुझ्या हाताने वाढायला जाऊ देऊ नकोस. मालकांनीही कानाआड केलं तर तिथे थांबू नकोस. उद्या कुणाला बाधलं तर बोट पुन्हा तुझ्याकडेच वळेल.

तुझं चुकतंय का, तर एवढंच : पत्रात तू कुणाला थेट काही विचारल्याचं कुठे दिसलं नाही.

तारखांचा प्रश्न सुटला तर मी अजून काही महिने काढ म्हणेन. मोठ्या हॉटेलात एकाच स्टेशनवर बराच काळ अडकायला होतं, इथे तुला सगळीकडे हात घालायला मिळतो. मालाची मागणी, साठ्याची मोजणी आणि एका पदार्थाला किती खर्च येतो याचा हिशेब अजून शिकला नसशील तर मागून घे. अनुभवपत्रात ही कामं नावानिशी लिहून घे.

आणि राहण्याची सोय मालकांनीच केली असेल, तर राजीनामा देण्याआधी दुसरी खोली बघून ठेव.