लॉकडाउन ड्रिलनंतर पाच वर्षांच्या मुलाशी काय बोलावे?

तुम्ही लिहिले आहे की पुण्याहून न्यू जर्सीला येऊन थोडेच महिने झाले आहेत, मुलाने किंडरगार्टनमध्ये पहिले लॉकडाउन ड्रिल, म्हणजे बंदूकधारी हल्लेखोर शाळेत शिरला तर दार लावून लपून बसण्याचा सराव, अनुभवले आणि त्या रात्रीपासून तो "वाईट माणूस आत आला तर?" असे विचारत एकटा झोपायला तयार नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला यातले काही सांगूच नये. तुमचे यजमान म्हणतात, इथे राहायचे तर खरे काय ते त्याला कळलेच पाहिजे. माझी दोन्ही मुले याच राज्यातील सार्वजनिक शाळांत शिकली आणि रविवारच्या मराठी शाळेत मी लहान गटाला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत वरचेवर येतो. माझे मत असे आहे की मुलाला सांगायचे ते थोडेच असते, पण ते घरातूनच सांगितले गेले पाहिजे. आणि ते सांगून झाल्यावर जे मोठे काम उरते ते मुलाचे नसून आपले असते.

आधी शाळेत नेमके काय झाले ते जाणून घ्या. न्यू जर्सीत प्रत्येक शाळेला दर महिन्याला आगीचे एक आणि सुरक्षेचे एक अशी दोन ड्रिल घ्यावीच लागतात, म्हणजे हा प्रसंग तुमच्या मुलाच्या शालेय आयुष्यात पुन्हा पुन्हा येणार आहे. 2022 मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने त्यात बंधनेही घातली आहेत: खोटे रक्त, खऱ्या किंवा नकली बंदुका, गोळीबाराचे आवाज असले काही वापरता येत नाही, भाषा मुलांच्या वयाला शोभेल अशीच असावी लागते, आणि ड्रिल झाल्याचे पालकांना लेखी कळवावे लागते. प्रत्यक्षात वर्गात घडते ते एवढेच, की बाई दाराला कुलूप लावतात, दिवे मालवतात, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा भिंतीला टेकून मुले गप्प बसतात, आणि कुणी दार ठोठावले तरी ते आतून उघडायचे नसते. बाईंना ईमेल करून त्यांनी मुलांना कोणते शब्द वापरून हे समजावले ते विचारा आणि घरीही तेच शब्द वापरा. शाळेत एक आणि घरी दुसरेच ऐकले, की मुलाला वाटते आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे.

बोलायला बसाल तेव्हा सुरुवात तुम्ही करू नका, त्याला करू द्या. "बाईंनी काय सांगितलं रे? तुला त्यातलं काय आवडलं नाही?" एवढे विचारून थांबा. मुलाच्या मनातली भीती आपण समजतो ती नसतेच, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. आमच्या वर्गातल्या एका चिमुरडीला चिंता होती ती तिच्या बुटांची: पाय हलला की त्यातले दिवे लुकलुकतात, मग अंधारात लपल्यावर मी दिसेन ना, असे ती विचारत होती. तिला समाजातल्या हिंसेवर उत्तर नको होते. ड्रिलच्या वेळी बूट काढून ठेवता येतात, हे तिच्या बाईंनी सांगितल्यावर तिचे समाधान झाले. दुसऱ्या एका मुलाला तेव्हाच शू लागली तर काय, हा प्रश्न छळत होता.

त्याच्या प्रश्नापुरतेच उत्तर द्या. पाच वर्षांच्या मुलाला साधारण असे सांगता येते: "काही माणसं कधीकधी दुसऱ्यांना इजा करतात. तसं फार क्वचित होतं, पण झालंच तर सगळ्यांना सुरक्षित ठेवायचं काम मोठ्या माणसांचं आहे, आणि तुमच्या बाईंनी त्याचा सराव केलेला आहे. तुझं काम एवढंच, बाई सांगतील तसं करायचं." "असं कधीच होणार नाही" असे वचन मात्र देऊ नका, मग सराव कशाला करतात, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. 2012 साली कनेटिकटमधील सँडी हुक शाळेत 20 लहान मुले आणि 6 मोठी माणसे मारली गेली, 2022 साली टेक्ससमधील युवाल्डी येथे 19 मुले आणि 2 शिक्षिका. हे तपशील या वयात त्याच्या कानावर घालण्याचे काहीही कारण नाही. आठ-नऊ वर्षांचा झाला की स्कूलबसमध्ये तो ऐकेलच, तेव्हा घरी येऊन तुम्हाला विचारावेसे वाटेल एवढा विश्वास आज कमवायचा आहे.

सासूबाईंशी दोन गोष्टी प्रेमाने बोला. एक, जेवत नाहीस तर पोलीस पकडून नेतील, ही आपल्या घरांतली जुनी धमकी इथे पूर्णपणे बंद करावी, कारण खऱ्या संकटात वर्गाचे दार उघडायला बहुधा पोलीसच येतील आणि त्यांना पाहून मूल लपून बसता कामा नये. दुसरे, तो घरात असताना बातम्या लावू नयेत. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या हल्ल्याच्या वेळी आपण सारेच दिवसदिवस टीव्हीसमोर बसून होतो. लहान मुलाला मात्र तेच दृश्य पुन्हा दाखवले जात आहे हे उमगत नाही, प्रत्येक वेळी नवीनच काही घडले असे त्याला वाटते.

आता आपले काम. 2020 मध्ये अमेरिकेत 1 ते 19 या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुका पहिल्या क्रमांकावर गेल्या, आणि यातले बहुतांश मृत्यू शाळेत होत नाहीत, घरांत आणि वस्त्यांत होतात. 2015 च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून असा अंदाज निघाला की सुमारे 46 लाख मुले अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि कुलपाबाहेर असते. "बंदूक दिसली तर हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग" हे मुलाला जरूर शिकवा, पण त्यावर विसंबू नका. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांना, खरे पण रिकामे पिस्तूल लपवलेल्या खोलीत खेळायला सोडले होते. ते सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ते हाताळले, काहींनी चाप ओढला, आणि हाताळणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांना बंदुकीबद्दल आधी कधीतरी समजावून सांगितलेले होते. आठ वर्षांच्या मुलाला जे जमत नाही ते पाच वर्षांच्या मुलाला जमेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून मूल कुणाकडे खेळायला जाणार असेल तर आधी विचारा, तुमच्या घरी बंदूक आहे का आणि असल्यास कुलपात आहे का. आपल्याला याचा फार संकोच वाटतो, समोरच्यावर आपण संशय घेतोय असे वाटते. मी ते बाकीच्या चौकशीतच मिसळते: याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे कुत्रा आहे का, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे ना, आणि घरात बंदूक असेल तर ती कुलूपबंद आहे ना. आजवर कुणी रागावलेले मला आठवत नाही, उलट दोघी-तिघींनी बरे झाले विचारलेस असेच म्हटले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सोपा आहे: बंदूक घरात नसणे सर्वांत सुरक्षित, असलीच तर ती रिकामी करून कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या, त्याही कुलपात. हा प्रश्न आपल्या मराठी मित्रमंडळींनाही विचारावा.

बंदुकीचा खेळ खेळला म्हणून त्याला रागावू नका. मुले भीती खेळूनच पचवतात. पण भारतातून आणलेले दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल त्याच्या दप्तरात कधीही जाणार नाही, हे रोज सकाळी तुम्ही पाहायचे, कारण शाळा त्याकडे खेळणे म्हणून पाहणार नाही. ते घेऊन रस्त्यावर वा मैदानातही जाऊ देऊ नये. 2014 साली क्लीव्हलंडच्या एका बागेत खेळण्यातले पिस्तूल घेतलेल्या 12 वर्षांच्या मुलाला पोलिसांनी गोळी घातली होती.

झोपेचे म्हणाल तर काही दिवस त्याच्याजवळ झोपा, त्यात लाड होत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनंतरही भीती ओसरली नाही, तो अंथरूण ओले करू लागला किंवा शाळेत जायलाच नकार देऊ लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि शाळेच्या काउन्सेलरांना भेटा. बाईंना आजच्याच ईमेलमध्ये अशीही विनंती करा की पुढच्या ड्रिलची तारीख त्यांना तुम्हाला आधी कळवता येत असेल तर कळवावी, म्हणजे त्या दिवशी त्याला न्यायला तुम्ही स्वतः जाऊ शकाल.