एआय कोडिंग असिस्टंटसाठी महिन्याला दोन हजार रुपये मोजावेत का?

तुम्ही एकटेच पीएचपी या भाषेतली प्रोग्रामिंगची कामं घेता आणि एवढे पैसे घालावेत की नाही हे ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मीही एकटाच कामं घेतो आणि दोन वर्षांपासून पैसे भरतोय. मध्ये तीन महिने बंद केले होते.

मी वापरतो तो कोड लिहून देणारा एआय असिस्टंट म्हणजे कर्सर. त्याचा प्रो प्लॅन महिन्याला 20 डॉलरचा. वर जीएसटी आणि कार्डाचे परकीय चलनाचे चार पैसे. पण हा खर्च किरकोळच. खरा वेळ खातं ते तपासणं. एका गिऱ्हाइकाच्या बिलिंगचा प्रोग्राम मी कर्सरकडून वीस मिनिटांत लिहून घेतला. कोड इतका नीटनेटका की नुसती नजर फिरवली. सूट वजा करायच्या आधीच्या रकमेवर जीएसटी लावलाय, हे त्यांच्या सीएचा फोन आल्यावर कळलं. सगळं निस्तरण्यात दीड दिवस गेला, आणि त्याचे पैसे अर्थातच मागता आले नाहीत.

‘माझा वेळ वाचतो’ या भावनेवरही विसंबू नका. 2025 मध्ये ‘मीटर’ या संस्थेनं 16 अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या ओपन सोर्स प्रकल्पांतली 246 कामं दिली होती. जिथे एआय वापरायची मुभा होती तिथे 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना मात्र आपण 20 टक्के लवकर उरकलं असं वाटत होतं! साधनं तेव्हापासून सुधारलीत, पण घड्याळ लावून मोजायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

आणखी एक. दर वेळी काही विचारलं की आधीचं सगळं संभाषणही पुन्हा मॉडेलकडे जातं, त्यामुळे लांबलेल्या चॅटमध्ये महिन्याचा कोटा भराभर संपतो. नवं काम, नवी चॅट. देवनागरीत विचारलं तर इंग्रजीपेक्षा टोकनही (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करून मोजतं ते) जास्त लागतात; आपल्या भाषेचा हा भुर्दंड मला खटकतो, पण आहे खरा.

तेव्हा आधी गिटहब कोपायलट या अशाच दुसऱ्या असिस्टंटच्या मोफत प्लॅनवर पंधरा दिवस काढा आणि लिहिण्याचा वेळ वेगळा, तपासण्याचा वेगळा, असं वहीत टिपा. बंद ठेवलेल्या तीन महिन्यांत मला काही फरक जाणवला नाही, कारण सगळी कामं हातखंड्याची होती. चौथ्या महिन्यात कुणीतरी अर्धवट सोडलेला, कोडमध्ये समजावणारी एकही कॉमेंट नसलेला, कोडइग्नायटर या पीएचपी फ्रेमवर्कमधला जुना प्रकल्प गळ्यात पडला. त्याच संध्याकाळी पुन्हा पैसे भरले.