जुनी जर्मन रिमफायर रायफल: बोली किती लावावी?

प्रश्न: लिलावात दुसऱ्या महायुद्धापूर्वीची माउझर .२२ रिमफायर रायफल (काडतुसाच्या कडेवर आघात होऊन झडणारी) आहे. रास्त किंमत कशी ठरवायची?

उत्तर: लिलावगृहाने छापलेली अपेक्षित किंमत बाजूला ठेवा, त्याच मॉडेलच्या प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती पाहा. मग बोल्ट (मागेपुढे सरकणारा खटका) आणि रिसीव्हर (तो ज्यात बसतो तो धातूचा सांगाडा) यांवरचे क्रमांक जुळवा. न जुळल्यास संग्राहकाच्या दृष्टीने मोल बरेच घसरते. नळीवरचा प्रूफ शिक्का, म्हणजे सरकारी चाचणीची खूण, काळ सांगतो: मुकुटाखाली ‘एन’ असेल तर जुना, गरुडाखाली ‘एन’ असेल तर १९३९ च्या कायद्यानंतरचा.

खरी मेख नळीत असते. प्रकाशात आत काळे कडे दिसले तर नळी फुगलेली समजा. अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडल्याने असे होते. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, कडेवर खाच असेल, तर रिकामी रायफल चालवल्याने फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी कळ) तिथे आदळली आहे. मग काडतुसाचे रिकामे कवच अडकते. ही खाच काही वेळा दुरुस्त होते, फुगलेली नळी मात्र नाही. पॉलिश करून नव्याने ब्लूइंग (पोलादाला दिलेला निळसर-काळा थर) केलेली चकचकीत रायफल मला तरी झिजलेल्या मूळ रंगापेक्षा कमी मोलाची वाटते. रिसीव्हरवर स्कोपसाठी (नेम धरायच्या दुर्बिणीसाठी) नंतर पाडलेली भोकेही किंमत उतरवतात.

लिलावगृहाचे कमिशन धरूनच बोली ठरवा. ते २५ टक्के आणि तुमची मर्यादा १००० युरो असेल, तर ८०० वर थांबा. वाहतूक, परवाना वेगळे.