बायकोसाठी पैठणी थीमचा गेमिंग पीसी बनवायचाय, संभाजीनगरच्या उन्हाळ्यात टिकेल असा. काय काळजी घेऊ?

सगळ्यात आधी रिकामी केबिनेट रंगवा, पार्ट नंतर बसवा. पत्र्याचे पॅनल 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारा, मग जांभळ्या स्प्रेचे तीन-चार पातळ हात, मध्ये 10-15 मिनिटं थांबून. काम सकाळी सावलीत करा. भर उन्हात रंग पत्र्यावर पडायच्या आधीच सुकतो अन् खरखरीत बसतो. मदरबोर्डच्या स्क्रूच्या जागा मास्किंग टेपने झाका, तिथे पत्र्याशी धातूचा संपर्क लागतो.

खरं पैठणीचं कापड आत अजिबात लावू नका. धूळ धरतं, सुटलेला धागा पंख्यात जातो. त्यापेक्षा नारळी काठ सोनेरी व्हिनाइलमध्ये (चिकटणाऱ्या प्लास्टिक शीटमध्ये) कापून घ्या, काचेवर मोर. पुढची जाळी मात्र मोकळीच ठेवा. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा हवा अडवणारी सजावट म्हणजे ग्राफिक्स कार्ड तापून त्याचा वेग कमी. पुढून तीन पंखे हवा आत, मागून एक बाहेर, आणि आत घेणाऱ्यांवर धुळीची जाळी. ती दर पंधरा दिवसांनी धुवून, पूर्ण वाळवून लावा.

लाइट जोडताना पिना नीट मोजा: तीन पिनांची एआरजीबी पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलणारी) 5 व्होल्टची असते, चार पिनांची आरजीबी (सगळी पट्टी एकाच रंगाची) 12 व्होल्टची. 5 ची पट्टी 12 वर गेली की जळालीच.

आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्डासाठी 650 वॅटचा चांगला पॉवर सप्लाय भरपूर झाला. यूपीएस (लाइट गेल्यावर बॅटरीवर पीसी चालू ठेवणारा) मात्र 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसची क्षमता) घेऊ नका. तो साधारण 360 वॅटच देतो, गेम चालू असताना लाइट गेली तर मॉनिटरसकट भार पेलेलच असं नाही. 1000 व्हीएचा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखीच सलग लहर देणारा) घ्या.