पक्ष्यांच्या मागे जायचं, तर गणित सोडू नका

प्रश्न : मुलगी मालवणला एसवाय बीएस्सीला आहे, झूलॉजी घेऊन. समुद्रपक्षी कुठे फिरतात ते शोधायचं आणि त्यावरून समुद्राचा कुठला भाग राखायचा ते ठरवायचं, हेच काम करणार म्हणते. हे करिअर आहे की नुसती हौस? – एक आई

उत्तर : ताई, मुलगी हवेत बोलत नाही. २०२१ मध्ये उत्तर अटलांटिकच्या मधोमध, कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेला जवळपास सहा लाख चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट! तिथे बेट नाही की खडक नाही; हद्द ठरली ती पक्ष्यांच्या वावरावरून. बऱ्याच पक्ष्यांच्या पायाला ग्रॅम-दोन ग्रॅमचं यंत्र होतं. ते फक्त उजेड नोंदवतं. पक्षी घरट्याकडे परतला की ते काढून घ्यायचं आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून तो कुठे होता याचं गणित मांडायचं. ते शे-दोनशे किलोमीटरने सहज चुकतं. महासागरात चालून जातं. वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करणाऱ्या सुरय (टर्न) पक्ष्यांसाठी मात्र एवढी चूक चालणार नाही, तिथे जीपीएसच लागेल.

म्हणजे दुर्बिणीपेक्षा संगणकाशीच गाठ जास्त. गणित नको म्हणून झूलॉजीला आलेली मुलं नेमकी इथे अडतात. तिने आत्तापासून स्टॅटिस्टिक्स, आकडेमोडीसाठी ‘आर’ आणि नकाशांसाठी ‘क्यूजीआयएस’ शिकावं; शेवटची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पुढे एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र) किंवा गोवा विद्यापीठाचं सागरी विज्ञान बघा.

नोकरीचं स्पष्ट सांगते. सुरुवातीची कामं बहुतेक प्रोजेक्टवरची. प्रोजेक्ट संपला की पुन्हा अर्ज. पीएचडी जवळपास धरूनच चाला. तिच्या पगारावर घराचा हप्ता अवलंबून असेल, तर हे आजच तिच्याशी बोला. राज्याचा कांदळवन कक्ष आणि पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्या इथेही प्रयत्न करता येईल.

आणखी एक. नकाशावर रेघ मारली म्हणून जाळी थांबत नाहीत. अटलांटिकची ती हद्द आखली ‘ओस्पार’ने, म्हणजे ईशान्य अटलांटिक जपण्यासाठी युरोपीय देशांनी केलेल्या कराराने; पण त्याला तिथली मासेमारी रोखायचा अधिकारच नाही. आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं. मच्छीमारांनी त्याला किती विरोध केला, ते तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या मुलीला रापणीवाल्या मच्छीमारांशी मालवणीत बोलता येतं, ही माझ्या मते तिची मोठी जमेची बाजू.

पुढच्या पत्रात तिचे बारावीचे गणिताचे मार्क तेवढे कळवा.