भिंतीवरची पाटी आणि ताईंची वही

“माणसं प्रामाणिक आहेत हो, पण कुणाला कंपनी आपली वाटतच नाही. मी दोन दिवस बाहेर गेलो की सगळं ठप्प.” छोट्या-मोठ्या व्यवसायांचे मालक समुपदेशनाला येतात, तेव्हा हे गाऱ्हाणं माझ्या कानावर हमखास पडतं. त्यातल्याच एकांचा हा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

त्यांच्याकडे पंचवीसेक माणसं. माल तयार करून ग्राहकांना घरपोच पाठवायचा, असं काम. पगार वेळेवर होत, अडीअडचणीला ते स्वतः धावून जात. ऑफिसच्या भिंतीवर पाटी होती, ‘ही कंपनी तुमची आहे’. दर मीटिंगमध्ये ते कळकळीने सांगत, “मालकासारखा विचार करा.” आणि तरी फुटलेली एक वस्तू बदलून द्यायची की नाही, हे विचारायला माणसं त्यांच्याच टेबलापाशी उभी राहत.

मी त्यांना आठवडाभर एकच गोष्ट करायला सांगितली. कुणी काही विचारायला आलं की प्रश्न लिहून ठेवायचा आणि त्यापुढे लिहायचं, याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत होतं का. पुढच्या भेटीत कागद माझ्यापुढे सरकवताना ते जरा ओशाळले होते. निम्म्याहून अधिक प्रश्नांपुढे त्यांनीच ‘हो’ लिहिलं होतं.

मग त्यांच्या संमतीने मी काही कर्मचाऱ्यांना भेटले. तक्रारींचे फोन घेणाऱ्या एका ताईंनी ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली. निळ्या पेनाने तारीख, वस्तू, कुठे फुटली. लाल पेनाने एकच शेरा वारंवार, ‘खालचा कोपरा’. दीड वर्षाच्या नोंदी होत्या. माल का फुटतो हे त्या वहीत उघड दिसत होतं, खोक्याच्या तळाला आधार कमी पडत होता. “सरांना दाखवली?” मी विचारलं. “एकदा बोलले होते. सर म्हणाले, बघू. मग म्हटलं, आपण कशाला...”

ताईंच्या परवानगीने ती वही मी सरांपुढे ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

मला इथे फार तळमळीने सांगावंसं वाटतं, की आपलेपणा त्या ताईंकडे होताच. कुणी न सांगता दीड वर्ष नोंदी ठेवणारं माणूस परकं नसतं. तिला कंपनी आपली वाटत होती, कंपनीने मात्र तिला काही ठरवू दिलं नव्हतं. जॉन पियर्स, तात्याना कोस्टोव्हा आणि कर्ट डर्क्स या अभ्यासकांनी 2001 मध्ये मांडलं, की एखादी गोष्ट कागदोपत्री आपली नसतानाही मनाने आपली होते ती तीन वाटांनी: तिच्यावर आपला काही ताबा असला, ती आपल्याला आतून-बाहेरून माहीत असली, आणि तिच्यात आपण जीव ओतलेला असला. ताईंकडे शेवटच्या दोन होत्या. पहिलीपाशी सरांची सही आडवी येत होती.

टोयोटाच्या कारखान्यांतली दोरी मी अशा वेळी आवर्जून सांगते. दोष दिसला की लाइनवरचा साधा कामगारही ती ओढू शकतो. टीम लीडर मदतीला येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. तिथे ‘तुमचं मत महत्त्वाचं आहे’ हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आम्ही लहानच बदल ठरवला. ठराविक रकमेपर्यंतचा माल बदलून देणं आणि खोक्यांची निवड, हे दोन निर्णय ताई आणि पॅकिंगवाल्यांचे. फुटीमुळे किती नुकसान होतं, ते आकडे दर महिन्याला त्यांच्यापुढे उघड ठेवायचे. आणि बचत झाली तर त्यातला वाटा त्यांनाही. हे मी आग्रहाने लिहून घेतलं, कारण मालकासारखी काळजी मागायची आणि फायद्याच्या वेळी त्यांना नोकर समजायचं, हे माणसांना बरोबर कळतं. रात्री-अपरात्री फोन उचलणं म्हणजे आपलेपणा नव्हे, हेही सरांना स्पष्ट सांगितलं.

खरी कसोटी दुसऱ्या महिन्यात आली. ताईंनी निवडलेली नवी खोकी दमट हवेत मऊ पडली आणि एक अख्खी खेप परत आली. सरांचा मला फोन, आवाज चढलेला. “उद्यापासून पुन्हा माझी सही.” मी म्हटलं, “तुमच्या निवडीच्या खोक्यांत दीड वर्ष माल फुटत होता, तेव्हा कुणाचा अधिकार काढून घेतला होता?” पलीकडे शांतता. माझं बोलणं लागलं असणार, पण ते त्याच वेळी बोलायला हवं होतं. पहिल्या चुकीनंतर अधिकार परत घेतला, की पुढची कित्येक वर्षं त्या ऑफिसात कुणी स्वतःहून काही ठरवत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पॅकिंगच्या टेबलापाशी गेले. ओलं खोकं हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ताई, आता कुठलं घ्यायचं?” ताईंनी तीन नमुने आधीच मागवून, पाण्याच्या वाफेवर धरून पाहिले होते. वहीत हिरव्या पेनाने नवा रकाना आखला होता.

मागच्या भेटीत सरांनी विचारलं, दोघंजण अशी जबाबदारी नकोच म्हणतात, त्यांचं काय करू? मी म्हटलं, ते आपलं काम नीट करून वेळेवर घरी जातात ना? मग त्यांना जाऊ द्या. पाटीबद्दल मी काही बोलले नव्हते. ती त्यांनीच काढली आहे, आणि तिथे आता दर महिन्याचे फुटीचे आकडे लागतात.