जपानमध्ये डॉक्टरला ‘डोकं ठणकतंय’ हे नेमकं कसं सांगायचं?

‘आतामा गा झुकिझुकि शिमासु’ म्हणा. आतामा म्हणजे डोकं आणि झुकिझुकि म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर येणारी ठणक. डोक्यात घण पडल्यासारखं होत असेल तर गानगान. हे शब्द बालिश वाटतात, पण बिनधास्त वापरा. जपानीत अशा शब्दांना ‘गिताइगो’ म्हणतात. त्यांत आवाजाची नक्कल नसते, जाणिवेलाच नाद दिलेला असतो. आपल्या ठसठस, चुरचुरसारखा. तिथल्या दवाखान्यांत नव्या पेशंटकडून भरून घेतात त्या फॉर्मवरही ते अनेकदा छापलेले असतात. आणखी काही उपयोगी शब्द:

चिकुचिकु: सुई टोचल्यासारखं, लोकरी स्वेटर मानेला टोचतो तेही हेच
हिरिहिरि: भाजलेल्या किंवा खरचटलेल्या कातडीची चुरचुर
किरिकिरि: पोटात पिळवटून येणारी तीव्र कळ
शिकुशिकु: पोटात किंवा दातात मंद, पण न थांबणारं दुखणं

मात्र नुसता शब्द पुरत नाही, अवयवाचं नावही सांगा. ‘शिकुशिकु’ हाच शब्द मुसमुसून रडण्यालाही वापरतात.